बळाचे माप आणि देहाचा भाजक

१

१९५२ साली हेलसिंकीच्या ऑलिंपिक आखाड्यात कऱ्हाडजवळच्या गोळेश्वरच्या खाशाबा जाधवांनी कांस्यपदक मिळविले आणि स्वतंत्र भारताचे ते पहिले वैयक्तिक ऑलिंपिक पदक ठरले, ही गोष्ट महाराष्ट्रात सर्वश्रुत आहे. परंतु ते पदक बँटम गटातले, म्हणजे ५७ किलो वजनाच्या मर्यादेतले होते, या तपशिलात बलमापनाच्या शास्त्राचा एक मूलभूत प्रश्न दडलेला आहे, तिकडे सहसा कोणाचे लक्ष जात नाही. शंभर किलोंच्या आणि सत्तावन्न किलोंच्या मल्लांची जोड लावली, तर जी परीक्षा होईल ती कौशल्याची वा तयारीची न होता पुष्कळशी देहाच्या आकारमानाचीच होईल, हे कुस्तीच्या पंचांनी फार पूर्वीच मान्य केले. म्हणून जोड लावण्यापूर्वी मल्लाला तराजूवर उभे करावयाचे, हा आखाड्याचा न्याय होय.

हाच प्रश्न आज निराळ्या ठिकाणी, आणि अधिक गंभीर स्वरूपात, उभा आहे. साठी-सत्तरी ओलांडलेल्या माणसाच्या स्नायूंत किती बळ उरले आहे, हे मोजून त्याच्या पुढील आयुष्याविषयी, त्याच्या स्वावलंबनाविषयी, पडून हाड मोडण्याच्या भयाविषयी काही अनुमान करावे, अशी वृद्धवैद्यकाची पद्धत गेल्या काही दशकांत रूढ झाली आहे. १९८८ साली अमेरिकेतील आल्बुकर्क येथे भरलेल्या एका बैठकीत अर्विन रोझेनबर्ग यांनी वार्धक्यातील या स्नायुक्षयाला नाव असल्यावाचून त्याकडे कोणी लक्ष देणार नाही, असे प्रतिपादन केले आणि ग्रीक भाषेतील मांस व उणीव या अर्थाचे शब्द जोडून ‘सार्कोपेनिया’ ही संज्ञा सुचविली. संज्ञा मिळाली, संशोधन वाढले, मापनाची यंत्रे गावोगावच्या सर्वेक्षणांत पोहोचली. परंतु लहान चणीच्या आणि थोराड बांध्याच्या वृद्धांची तुलना कोणत्या तराजूत करावयाची, यावर एकमत अद्याप झालेले नाही. त्या वादाचा आढावा घेऊन, एका सामान्य वाचकाने आणि एका सामान्य दवाखान्याने त्यातून कोणता निष्कर्ष घ्यावा, एवढे सांगण्याचा या लेखाचा हेतू आहे.

२

बळ मोजण्याचे सर्वांत सुटसुटीत साधन म्हणजे मुठीच्या पकडीचे मापन. माणसाला खुर्चीवर बसवावयाचे, कोपर काटकोनात वाकवावयास सांगावयाचे, हातात डायनामोमीटर द्यावयाचा, आणि सर्व शक्तीनिशी मूठ आवळण्यास सांगून काटा किती किलोंवर गेला ते टिपून घ्यावयाचे. दोन्ही हातांनी काही वेळा हीच क्रिया करून त्यांतला सर्वोच्च आकडा ग्राह्य मानावयाचा, ही सर्वसाधारण रीत. या कामी सर्वत्र प्रसिद्ध असलेल्या जॅमर यंत्राची मूठ पाच निरनिराळ्या अंतरांवर बसविता येते, कारण लहान पंजाच्या माणसाला रुंद मूठ दिली तर त्याचे खरे बळ काट्यावर उमटतच नाही. म्हणजे देहमानाचा प्रश्न आकडा हाती येण्याच्या आधीच, यंत्राच्या मुठीपासून, सुरू होतो.

एवढ्याशा आकड्याचे महत्त्व किती, हे २०१५ साली प्रसिद्ध झालेल्या ‘प्युअर’ या बहुराष्ट्रीय अध्ययनाने ठसठशीतपणे दाखविले. भारतासह १७ देशांतील ३५ ते ७० वयाच्या सुमारे १ लाख ४० हजार स्त्रीपुरुषांच्या या पाहणीत, पकड ५ किलोंनी कमी असल्यास कोणत्याही कारणाने मृत्यू येण्याचा धोका १६ टक्क्यांनी अधिक आढळला. त्याच समूहाच्या पुढील विश्लेषणात निरनिराळ्या प्रदेशांतील निरोगी माणसांचे आकडे शेजारी ठेवले गेले, तेव्हा युरोप व उत्तर अमेरिकेतील पुरुषांची पकड सर्वांत अधिक आणि दक्षिण आशिया, आग्नेय आशिया व आफ्रिका येथील पुरुषांची सर्वांत कमी असल्याचे दिसून आले. आपल्याकडेही मुंबईच्या देवनार येथील आंतरराष्ट्रीय लोकसंख्या विज्ञान संस्थेने वार्धक्याच्या दीर्घकालीन अध्ययनाची जी पहिली फेरी २०१७ साली सुरू केली, तीत ४५ वर्षांवरील ७२ हजारांहून अधिक भारतीयांची उंची, वजन आणि मुठीची पकड यांची नोंद झाली आहे. सामग्रीचा तुटवडा आता उरलेला नाही; त्या सामग्रीचा निवाडा कोणत्या कायद्याने करावयाचा, एवढाच प्रश्न आहे.

निवाड्याचे कायदे मात्र प्रत्येक प्रांताचे निराळे. युरोपीय तज्ज्ञगटाने २०१० साली पुरुषांसाठी ३० आणि स्त्रियांसाठी २० किलो ही सीमा ठरविली होती. २०१९ साली सुधारलेल्या मसुद्यात ती २७ आणि १६ किलोंवर आली. ही सुधारित सीमा ब्रिटनमधील १२ अध्ययनांच्या एकत्रित आकड्यांवरून आली असून, तारुण्यातील सरासरी पकडीच्या खाली अडीच प्रमाण-विचलने उतरले की जी किंमत मिळते ती ही होय. आशियाई तज्ज्ञगटाने २०१९ साली २८ आणि १८ किलोंची मर्यादा घातली. अमेरिकेत २०२० साली प्रसिद्ध झालेल्या एका संयुक्त निवेदनाने तर ती पुरुषांसाठी ३५.५ आणि स्त्रियांसाठी २० किलोंपर्यंत वर नेली. परिणामी, साडेसत्तावीस किलोंची पकड असलेला एकच वृद्ध युरोपीय नियमाने सशक्त, आणि आशियाई व अमेरिकी नियमाने दुर्बळ ठरतो. आणि या सर्व नियमांत एक गोष्ट समान आहे: समोरचा माणूस ४० किलोंचा आहे की ९० किलोंचा, याची विचारपूस त्यांतला एकही नियम करीत नाही.

३

आकारमान हिशेबात घ्यावयाचे असे ठरविले, की पहिला विचार मनात येतो तो साध्या भागाकाराचा: पकडीला वजनाने भागावे आणि दर किलो देहामागे किती बळ, तो आकडा तुलनेस घ्यावा. हा भागाकार शाळकरी मुलालाही समजेल इतका सोपा आहे आणि त्यामुळेच तो सर्वत्र बोकाळला आहे. परंतु त्याच्या मुळाशी असलेले गृहीत भूमितीला मान्य नाही.

१६३८ साली प्रसिद्ध झालेल्या आपल्या अखेरच्या ग्रंथात गॅलिलिओने दाखवून दिले की, कोणतीही वस्तू तिच्या सर्व बाजूंनी दुप्पट केली तर तिचे पृष्ठफळ आणि छेदाचे क्षेत्रफळ चौपट होते, परंतु घनफळ, व म्हणून वजनही, आठपट होते. आणि म्हणूनच थोरल्या प्राण्याची हाडे धाकट्या प्राण्याच्या हाडांची नुसती वाढवलेली प्रतिकृती असून चालत नाही, ती प्रमाणाबाहेर जाड असावी लागतात. स्नायूचे बळ हे त्याच्या लांबीवर वा वजनावर अवलंबून नसून त्याच्या आडव्या छेदाच्या क्षेत्रफळावर अवलंबून असते, कारण ओढ लावणारे तंतू त्या छेदात जितके अधिक तितके बळ अधिक. तेव्हा देह सर्व बाजूंनी सारख्या प्रमाणात वाढला असे धरले, तर बळ हे वजनाच्या प्रमाणात न वाढता वजनाच्या दोन-तृतीयांश घाताच्या प्रमाणात वाढले पाहिजे. ए. व्ही. हिल यांनी १९५० साली प्राण्यांच्या आकारमानाचा आणि स्नायुगतीचा संबंध याच भूमितीच्या आधारे मांडला. १९५६ साली लिट्झकी यांनी वजन उचलणाऱ्या क्रीडापटूंचे विक्रम त्यांच्या देहवजनासमोर मांडून पाहिले, तेव्हा जो घातांक हाती आला तो दोन-तृतीयांशाच्या अगदी निकट होता. देहाच्या अशा विषम वृद्धीच्या नियमांना ‘अ‍ॅलोमेट्री’ हे नाव ज्युलियन हक्स्ली आणि जॉर्ज टेसिए यांनी १९३६ साली दिले होते.

साध्या भागाकारावर संख्याशास्त्राचा आक्षेप तर त्याहूनही जुना आहे. दोन राशींना तिसऱ्या एकाच राशीने भागले असता त्या दोहोंत नसलेला संबंध असल्याचा आभास उत्पन्न होतो, हे कार्ल पिअर्सन यांनी १८९७ साली सिद्ध केले. आणि बालकांच्या वाढीच्या शास्त्रात पुढे अग्रगण्य ठरलेले जेम्स टॅनर यांनी १९४९ साली, ‘दर किलोमागे’ ठरविलेले शरीरशास्त्रीय दंडक मोठ्या देहाच्या निरोगी माणसाला नाहक रोगी आणि लहान देहाच्या रोग्याला नाहक निरोगी ठरवितात, हे स्पष्ट करून सांगितले. भागाकार तेव्हाच निर्दोष असतो जेव्हा देहमान आणि बळ यांचा आलेख सरळ रेषेत आणि शून्यबिंदूतून जातो. मानवी बळाचा आलेख तसा जात नाही.

हे सर्व अमूर्त वाटू नये म्हणून दोन स्त्रियांची कल्पना करू. पहिली ४५ किलो वजनाची, तिची पकड १७ किलो. दुसरी ७५ किलो वजनाची, तिची पकड २४ किलो. यंत्राचा काटा सांगतो की दुसरी अधिक बळकट, आणि आशियाई सीमेनुसार पहिली दुर्बळही. वजनाने भागावे, तर पहिलीचा आकडा ०.३८ आणि दुसरीचा ०.३२ येतो, म्हणजे फैसला उलटला, दुबळी ठरलेली बलवान झाली. आता वजनाच्या दोन-तृतीयांश घाताने भागावे, तर पहिलीचे उत्तर १.३४ आणि दुसरीचे १.३५ येते, म्हणजे दोघी जवळजवळ समसमान. त्याच दोन स्त्रिया, तीच एक सकाळ, तेच यंत्र. आणि तीन हिशेब तीन निकाल देतात. यांतला कोणताही हिशेब अंकगणितात चुकलेला नाही. भेद आहे तो भाजकाचा, आणि भाजक निवडणे ही गणिताच्या आधी करावयाची विचाराची गोष्ट आहे.

४

येथे एखादा वाचक म्हणेल की मग दोन-तृतीयांशाचा घातांक सर्वत्र लागू करावा आणि वाद मिटवावा. तरुण, सुदृढ, कमी मेदाच्या क्रीडापटूंच्या बाबतीत हा सल्ला बराचसा योग्य आहे. वृद्धांच्या बाबतीत मात्र भूमितीची मूळ गृहीतेच ढासळतात.

पहिले गृहीत असे की मोठा देह हा लहान देहाचीच वाढवलेली आवृत्ती आहे. वार्धक्यात वजन वाढते ते बहुधा मेदाने, आणि मेद तराजूवर भरतो पण मूठ आवळीत नाही. त्यामुळे वृद्धांच्या समूहात बळ आणि वजन यांचे लॉगरिदम घेऊन घातांक प्रत्यक्ष काढला, तर तो दोन-तृतीयांशाहून पुष्कळ खाली येऊ शकतो, आणि समूह बदलला की तोही बदलतो. पुण्याच्या केईएम रुग्णालयातील डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी आणि लंडनच्या जॉन युडकिन यांनी २००४ साली स्वतःच्याच दोन देहांचा दाखला देऊन ही गोष्ट जगापुढे मांडली: दोघांचाही बॉडी मास इंडेक्स २२.३, परंतु युडकिन यांच्या देहात मेद ९.१ टक्के आणि याज्ञिक यांच्या देहात २१.२ टक्के. ज्या समाजात बारीक दिसणाऱ्या देहातही मेदाचा वाटा असा मोठा असतो, तेथे वजनाने भागणे म्हणजे स्नायूच्या हिशेबात मेदाची जमा धरणे होय.

दुसरे गृहीत उंचीचे. उंचीत मेद नसतो म्हणून काही संशोधक पकडीला उंचीच्या वर्गाने भागण्याचा आग्रह धरतात, आणि क्षेत्रफळाच्या न्यायाने तो सयुक्तिक आहे. पण वृद्धाची उंची ही स्थिर राशी राहत नाही. मणके दबतात, पाठीला पोक येते, आणि तरुणपणी पाच फूट असलेली स्त्री सत्तरीत दोन-तीन इंच उणी भरू शकते. अशा वेळी भाजक लहान झाल्यामुळे भागाकार फुगतो, आणि जिची हाडे सर्वांत अधिक झिजली तीच कागदावर बलवान ठरते. म्हणून गुडघ्यापासून टाचेपर्यंतची उंची, किंवा कोपरापासून मनगटापर्यंतच्या हाडाची लांबी, अशी न झिजणारी मापे घेऊन मूळ उंचीचा अंदाज बांधावा, हा जाणत्यांचा उपदेश आहे. तो पाळण्यास एका साध्या फीतपट्टीहून अधिक काही लागत नाही.

तिसरे गृहीत असे की स्नायूचा प्रत्येक चौरस सेंटीमीटर सारखेच बळ देतो. अमेरिकेतील पिट्सबर्ग व मेम्फिस येथील सत्तरीतील स्त्रीपुरुषांच्या ‘हेल्थ एबीसी’ अध्ययनातून २००६ साली निष्पन्न झाले की पायांचे बळ स्नायूंच्या वस्तुमानाच्या सुमारे तिप्पट वेगाने घटते. आणि त्याच अध्ययनात मृत्यूच्या धोक्याशी निगडित आढळले ते बळ, वस्तुमान नव्हे. स्नायू जागेवर असतो, पण त्याचे मज्जातंतू, त्याचे तंतू, त्यात शिरलेला मेद यांमुळे तो पूर्वीसारखा चालत नाही. अशा स्नायूच्या बळाला स्नायूच्याच वस्तुमानाने भागले, तर आपण स्नायूचा कस मोजतो. माणसाची शक्ती मोजत नाही. दोन्ही मापे उपयोगी आहेत, परंतु एकाच्या जागी दुसरे वापरणे हा दोष आहे.

याखेरीज एक तांत्रिक भेद लक्षात ठेवावा लागतो. मुठीची पकड किलोंत मोजतात, ते सरळ बल होय. गुडघा सरळ करण्याची शक्ती मात्र पुष्कळदा पीळ म्हणून, म्हणजे बल गुणिले तरफेची लांबी या रूपात मोजली जाते. तरफेची लांबीही देहाबरोबर वाढत असल्यामुळे भूमितीच्या न्यायाने हा पीळ वजनाच्या पहिल्या घाताच्या, म्हणजे थेट वजनाच्याच प्रमाणात वाढला पाहिजे. तेव्हा हाताला एक भाजक आणि पायाला दुसरा, हे विसंगत दिसले तरी तेच सुसंगत होय.

५

आता जे दंडक आकारमानाची दखल घेतात त्यांचा विचार करू. लिंडा फ्रीड आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००१ साली वार्धक्यातील दुर्बलतेची जी व्याख्या केली, तीत पकडीची सीमा बॉडी मास इंडेक्सच्या चार गटांनुसार निरनिराळी ठेवलेली आहे. पुरुषाचा निर्देशांक २४ पर्यंत असेल तर सीमा २९ किलो, २८ च्या वर असेल तर ३२ किलो. स्त्रीचा निर्देशांक २३ पर्यंत असेल तर १७ किलो, २९ च्या वर असेल तर २१ किलो. चालण्याच्या वेगासाठीही उंचीचे दोन गट त्यांनी केले आहेत. हा आखाड्यातल्या वजनगटांचाच न्याय होय, आणि त्याचा गुण असा की त्यात कोणतेही घातांक गृहीत धरावे लागत नाहीत. त्याची मर्यादा अशी की या गटांच्या भिंती अमेरिकेतील वृद्धांच्या देहमानावरून उभारलेल्या आहेत. सह्याद्रीच्या कुशीतल्या एखाद्या खेड्यात त्या जशाच्या तशा नेल्या तर बहुसंख्य म्हाताऱ्या सर्वांत खालच्याच गटात गोळा होतील आणि गट करण्याचा हेतूच नाहीसा होईल.

२०१४ साली अमेरिकेतील राष्ट्रीय आरोग्य संस्थांच्या प्रतिष्ठानाच्या प्रकल्पाने दुसरी वाट धरली. पुरुषांसाठी २६ आणि स्त्रियांसाठी १६ किलो ही निव्वळ सीमा देऊन, पर्याय म्हणून त्याने पकडीला बॉडी मास इंडेक्सने भागण्याची रीत सुचविली आणि सीमा १.० व ०.५६ अशा ठेवल्या. या भाजकाचे पृथक्करण करून पाहणे उद्बोधक आहे. बॉडी मास इंडेक्स म्हणजे वजन भागिले उंचीचा वर्ग. तेव्हा पकडीला त्याने भागणे म्हणजे पकडीला वजनाने भागून उंचीच्या वर्गाने गुणणे होय. त्यामुळे पकड व वजन अगदी सारखे असलेल्या दोन स्त्रियांपैकी १६० सेंटीमीटर उंचीचीला १४५ सेंटीमीटर उंचीचीपेक्षा सुमारे २२ टक्के अधिक गुण मिळतात. भूमितीचा न्याय तर असा की उंच देहाकडून अधिक बळाची अपेक्षा करावी. येथे उंचीला अपेक्षेऐवजी बक्षीस मिळते. या भाजकाला मेदाचा दंड म्हणून काही अर्थ आहे, कारण जड देह हिंडविण्यास अधिक बळ लागते. परंतु ठेंगण्या स्त्रियांच्या समाजात त्याला आकारमानाचे न्याय्य समायोजन मानणे घातक होईल.

या दोन्ही पद्धतींच्या मुळाशी जाऊन पाहिले म्हणजे सर्व वादाची किल्ली हाती येते. बळ कशासाठी हवे आहे, हे ठरविल्यावाचून भाजक ठरविता येत नाही. पाटावरून उठणे, जिना चढणे, एसटीच्या उंच पायरीवर पाऊल टाकून देह वर ओढणे, बसक्या संडासातून आधाराशिवाय उभे राहणे, या सर्व क्रियांत माणूस स्वतःचाच देह उचलीत असतो. तेव्हा बळाला वजनाने भागणे येथे न्याय्यच आहे, आणि मेदही त्या वजनात मोजलाच पाहिजे, कारण तोही उचलावा लागतो. याउलट विहिरीवरून वा नळावरून पाणी आणणे, जात्याचा दगड हलविणे, नातवंडाला कडेवर घेणे, या क्रियांत ओझे बाहेरचे असते. १५ लिटरची भरलेली बादली ४५ किलोंच्या म्हातारीसाठी हलकी होत नाही. तेथे कोणताही भाजक नको. यंत्राचा उघडा आकडा हाच खरा, आणि लहान चणीच्या बाईला बादली उचलत नसेल तर ‘तिच्या देहाच्या मानाने ती बळकट आहे’ हे सांत्वन तिच्या काही उपयोगाचे नाही. तिसरा प्रश्न वैद्याचा: या स्नायूला रोग जडला आहे काय, याच बांध्याच्या निरोगी माणसात अपेक्षावे तेवढे बळ त्यात आहे काय? त्यासाठी समाजातूनच काढलेला घातांक, वा उंची, वजन, वय व लिंग एकत्र हिशेबात घेणारे समीकरण हवे.

खुर्चीवरून पाच वेळा उठण्याच्या कसोटीला आशियाई तज्ज्ञगटाने १२ सेकंदांची मर्यादा घातली आहे. तिचा उल्लेख येथे अगत्याने करावयास हवा, कारण तिच्यात भागाकार आधीच झालेला आहे. उठणारा आपले वजन उचलतो, तेव्हा त्याच्या देहाने स्वतःच स्वतःला भागलेले असते. त्या सेकंदांना पुन्हा वजनाचा हिशेब लावणे म्हणजे एकाच जमिनीचा सारा दोनदा वसूल करणे होय.

६

यापुढचा प्रश्न सर्वांत नाजूक आहे. आकारमानाचे समायोजन करताना आपण असे गृहीत धरतो की लहान देह ही निसर्गाची एक निर्दोष विविधता आहे. ती नेहमीच तशी असते काय?

इंग्लंडच्या हर्टफर्डशायर परगण्यात एथेल मार्गारेट बर्नसाइड यांच्या देखरेखीखाली १९११ पासून प्रत्येक नवजात बालकाचे वजन आणि वर्षाअखेरचे वजन वहीत टिपून ठेवले गेले. त्या वह्या पुढे दफ्तरातून बाहेर आल्या, आणि त्यांतली बालके साठी ओलांडल्यावर शोधून काढून त्यांची पकड मोजण्यात आली. जन्मवेळी ज्यांचे वजन कमी होते त्यांची पकड वार्धक्यातही कमी आढळली, आणि प्रौढपणीचे देहमान हिशेबात घेतल्यावरही हा संबंध टिकून राहिला; पहिल्या वर्षातील वाढीशी असलेला संबंध मात्र प्रौढ देहमान हिशेबात घेताच फिका पडला. या दुसऱ्या निष्कर्षाचा अर्थ नीट ध्यानी घ्यावयास हवा. बालपणातील वाढीचा परिणाम बळावर होतो तो पुष्कळदा देह लहान राहण्याच्या मार्गानेच होतो. आणि आपण देहमान वजा केले की त्या परिणामाचा पुरावाच आपल्या हाताने पुसून टाकतो.

पुण्याजवळच्या सहा खेड्यांत जन्मलेल्या बालकांचे सरासरी वजन २.७ किलो, तर इंग्लंडच्या साउदम्प्टन येथील बालकांचे ३.५ किलो, असे याज्ञिक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००३ साली नोंदविले. आणि पुण्याच्या बालकांत उणीव होती ती मुख्यतः स्नायूंची, मेद त्या मानाने राखला गेलेला होता. ज्या पिढ्या दुष्काळात, अर्धपोटी, अंगावर ओझी वाहत वाढल्या, त्यांच्या वार्धक्यातील दुर्बळतेचे मोजमाप करताना ‘यांचे देहच लहान, तेव्हा यांची पकड अपेक्षेप्रमाणेच आहे’ असे म्हणून फाइल बंद करणे, हा अन्यायाला गणिताचे वस्त्र चढविण्याचा प्रकार होईल. म्हणून एका व्यक्तीच्या रोगनिदानासाठी समायोजन करावे, परंतु समाजाच्या आरोग्याचा ताळेबंद मांडताना समायोजित आणि असमायोजित असे दोन्ही आकडे शेजारीशेजारी छापावेत. दोहोंतील अंतर हेच त्या समाजाच्या पूर्वायुष्याची कैफियत सांगते.

७

या सर्व आढाव्यातून निघणारा निवाडा असा. वृद्धांच्या बळाची सर्व कामांसाठी न्याय्य अशी एकच तुलना अस्तित्वात नाही, आणि ती शोधण्याचा हट्ट सोडून द्यावा. निव्वळ आकडा, वजनाने भागलेला आकडा, घातांकाने समायोजित केलेला आकडा, ही तीन निरनिराळ्या प्रश्नांची तीन उत्तरे आहेत. चूक घडते ती एका प्रश्नाला दुसऱ्याचे उत्तर दिल्याने. परदेशी समूहातून काढलेला घातांक वा परदेशी गटांच्या भिंती आपल्या वृद्धांवर लादू नयेत. आपल्याच देशाच्या सर्वेक्षणातील नोंदी घेऊन, स्त्रियांचे व पुरुषांचे निरनिराळे, आपल्या देहमानाला साजेसे कोष्टक तयार करणे हे येथील संशोधकांचे कर्तव्य आहे. आणि दवाखान्यातील नोंदवहीत केवळ भागाकार कधीच टिपू नये. पकड, वजन, उंची आणि गुडघ्याची उंची हे चार मूळ आकडे रुजू करावेत, म्हणजे पुढे कोणताही हिशेब करता येईल. भागाकारातून मूळ आकडे परत मिळत नाहीत.

एक तुलना मात्र अशी आहे की तिच्यात भाजकाचा वाद जवळजवळ उरतच नाही: माणसाची त्याच्या स्वतःच्या गेल्या वर्षीच्या बळाशी केलेली तुलना. १९९० साली बॉस्टनमध्ये मारिया फियाटारोन यांनी एका वृद्धाश्रमातील नव्वदीच्या घरातल्या, अंगाने खंगलेल्या दहा जणांना आठ आठवडे पायांचा भारव्यायाम दिला, आणि तो पुरा करणाऱ्या नऊ जणांचे बळ सरासरी १७४ टक्क्यांनी वाढले. त्या वृद्धांची एकमेकांशी तुलना कोणत्या घातांकाने करावी, हा प्रश्न तेथे गौण ठरला. कालचा मी आणि आजचा मी, एवढीच जोड तेथे लावली गेली, आणि ती पूर्ण न्यायाची होती. प्रत्येक घरातील वडीलधाऱ्यांचे बळ वर्षातून एकदा मोजले जावे आणि जपून ठेवले जावे, असा आग्रह म्हणूनच धरावासा वाटतो.

आणि जो कोणी हे मोजणार असेल, तो डॉक्टर असो, आशा कार्यकर्ती असो, वा घरातलाच कोणी असो, त्याला एवढीच विनंती, की यंत्राचा काटा वाचल्यावर आणि भागाकार करण्यापूर्वी समोरच्या वृद्धाला आदराने एक प्रश्न विचारावा: आपल्याला रोज काय उचलावे लागते, आणि कोठून उठावे लागते? भाजक त्या उत्तरावरून ठरवावा.